देवकी आपण, यशोदा कोण?

पूर्व आशियातल्या एखाद्या बौद्ध मंदिराच्या अंगणात चार मराठी प्रवासी एकत्र आले, की दहा मिनिटांच्या आत एक वाक्य हमखास कानावर पडते : ‘हे सगळे आपल्याकडूनच इकडे आले.’ वाक्य खोटे नाही. बुद्ध आपल्याकडचा, सूत्रे आपल्याकडची, मूर्तीच्या हातांच्या मुद्राही आपल्याकडच्याच. पण ते ज्या सुरात उच्चारले जाते तो सूर मला दिवसेंदिवस खटकू लागला आहे. त्या सुरात कुतूहल नसते, कृतज्ञता तर मुळीच नसते. असते ती गावाकडच्या वाड्यात वाटणी मागायला आलेल्या भाऊबंदाची ऐट. वाड्याचे छप्पर कोणी शाकारले, भिंती कोणी लिंपल्या, याची चौकशी न करता ‘आजोबांचा आहे’ एवढेच सांगणारी.

ही ऐट उतरवायची असेल तर दक्षिण कोरियातल्या हेइन्सा या मंदिरात जावे, असे माझे मत आहे. हेइन्सा पाहून आल्यावर ‘आपल्याकडून गेले’ हे वाक्य तोंडातून निघत नाही असे नाही. पण त्याच्यामागोमाग ‘आणि आपल्याकडे काय उरले?’ हा प्रश्न निमूटपणे येतो.

दैगू शहरातून निघालेली बस साधारण दीड तासात गायासान पर्वताच्या पायथ्याशी पोहोचते. शेवटची काही किलोमीटर वाट होंगन्यूदोंग खोऱ्यातल्या ओढ्याच्या काठाने जाते. या नावाचा अर्थ लाल प्रवाहाचे खोरे. शरद ऋतूत मॅपलची पाने लाल होतात आणि त्यांच्या प्रतिबिंबाने पाणी लाल दिसते, म्हणून हे नाव. मी गेलो तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता आणि नाव सार्थ होते. चौदाशे मीटरपेक्षा थोड्या अधिक उंचीच्या या पर्वताच्या नावाविषयी दोन मते आहेत. या भागात पूर्वी नांदलेल्या गाया राज्यांवरून ते आले असे काही मानतात, तर काही त्याचा संबंध थेट आपल्या गयेशी जोडतात. यातले कोणते खरे ते विद्वानांनी ठरवावे. कोरियन माणसाला मात्र दोन्ही चालतात, असे दिसले.

मंदिराची स्थापना इ. स. ८०२ ची, शिल्ला राजवटीतली. सुन्युंग आणि ईजॉंग या दोन भिक्षूंनी ते उभारले. हेइन् म्हणजे सागरमुद्रा. वारा पडला, लाटा शमल्या, की समुद्राच्या पाण्यात साऱ्या सृष्टीचे प्रतिबिंब जसेच्या तसे उमटते. मनाची तशी अवस्था म्हणजे सागरमुद्रा समाधी. ही कल्पना अवतंसक सूत्रातली. प्रवेशद्वारातून वर जाताना एका प्रचंड जुन्या झाडाचा वठलेला बुंधा लागतो. मंदिराच्या स्थापनेच्या वेळचे हे झाड १९४५ मध्ये वठले, असे सांगतात. ते कोणी तोडून नेलेले नाही. मेलेले झाडही जेथे जागेवर ठेवतात, तेथे पुढे काय पाहायला मिळणार याची कल्पना येते.

कोरियात तीन मंदिरांना त्रिरत्नांची मंदिरे म्हणतात. तोंगदोसा हे बुद्धाचे, सोंगग्वांग्सा हे संघाचे आणि हेइन्सा हे धर्माचे. धर्म म्हणजे येथे बुद्धवचन, म्हणजेच ग्रंथ. मंदिराची रचना डोंगराच्या उतारावर एकावर एक अशा पायऱ्यापायऱ्यांची आहे. वैरोचन बुद्धाचे मुख्य मंदिर लागले, की आपल्याला वाटते, आलो आपण गाभाऱ्यापर्यंत. पण त्याच्या मागे आणखी एक उंच, खडा जिना आहे आणि त्या जिन्याच्या माथ्यावर, बुद्धाच्या मूर्तीपेक्षाही वर, ग्रंथांचे घर आहे. मूर्तीच्या डोक्यावर ग्रंथ ठेवणारे देऊळ मी तरी दुसरे पाहिलेले नाही.

हे घर म्हणजे समोरासमोर उभ्या असलेल्या दोन लांबलचक कौलारू इमारती आणि दोन्ही टोकांना दोन छोट्या. रंगरंगोटी नाही, सोनेरी मुलामा नाही. कोरियन मंदिरांच्या वाशांवर जी हिरवी-तांबडी नक्षी असते तिचाही जवळजवळ पत्ता नाही. एखाद्या सधन शेतकऱ्याचे धान्याचे कोठार असावे तसा एकूण थाट. समोरच्या इमारतीचे नाव ‘सुदाराजांग’. ‘सुदारा’ म्हणजे आपले ‘सूत्र’. चीनमधून फिरत फिरत गेलेला शब्द कोरियन जिभेवर असा बसला आहे. मागच्या इमारतीचे नाव ‘बॉपबोजॉन’, म्हणजे धर्मरत्नाचे दालन. आत सामान्य प्रवाशाला सहसा जाता येत नाही. २०२१ मध्ये आगाऊ नोंदणी केलेल्या मोजक्या लोकांसाठी दालने उघडण्याचा उपक्रम मंदिराने सुरू केला, पण मी मात्र इतर सगळ्यांप्रमाणे लाकडी गजांच्या झरोक्याला नाक लावूनच पाहिले. आत अंधूक उजेडात जमिनीपासून छपरापर्यंत फळ्यांच्या मांडण्या आणि त्यांत, वाचनालयात पुस्तके ठेवावीत तशा, काळपट लाकडी पाट्या. विजेचा दिवा नाही. लाकडाचा जुना, कोरडा वास तेवढा बाहेरपर्यंत येतो.

आमच्या बसमधल्या एका गृहस्थांना हे अजिबात पटले नाही. एवढ्या लांब यायचे आणि झरोक्यातून डोकावून परत जायचे, हे त्यांच्या मते पैसे पाण्यात घालणे होते. त्यांचे दुःख मी समजू शकतो. आपल्या दर्शनाच्या कल्पनेत हात लावणे, माथा टेकणे, जमलेच तर नाव कोरून ठेवणे, हे सगळे येते. पण दरवाजा बंद आहे म्हणूनच आतले शाबूत आहे, हे साधे गणित आहे. प्रवाशाचा हक्क मोठा की वस्तूचे आयुष्य मोठे, या प्रश्नाचे उत्तर हेइन्साने शतकानुशतके एकच दिले आहे आणि ते मला शंभर टक्के मान्य आहे.

आत आहे ते असे. ‘आठ हजारांचे दहापट’ अशा अर्थाच्या लोकप्रिय नावाने ओळखले जाणारे कोरियाचे त्रिपिटक, म्हणजे बौद्ध ग्रंथसंग्रह, छपाईसाठी कोरलेल्या ८१ हजारांहून अधिक पाट्यांवर येथे ठेवलेला आहे. प्रत्येक पाटी पाऊण मीटरच्या आतबाहेर लांब, वीतभर रुंद, तीन-चार किलो वजनाची. दोन्ही बाजूंना कोरलेली. एका बाजूला २३ ओळी, ओळीत १४ चिनी अक्षरे, तीही उलटी, म्हणजे छापल्यावर सुलटी यावीत अशी. एकूण अक्षरे भरतात पाच कोटी वीस लाखांच्या वर.

हे काम १२३६ ते १२५१ या काळात झाले, आणि त्यामागची कथा केवळ भक्तीची नाही. त्यापूर्वीही कोर्यो राजवटीत एक त्रिपिटक कोरले गेले होते. खितान टोळ्यांच्या स्वाऱ्या चालू असताना, १०११ च्या सुमारास, ते काम सुरू झाले होते. तो सगळा संग्रह १२३२ मध्ये मंगोल आक्रमणात जळाला. राजधानी हलवून गांगह्वा बेटावर बसलेल्या दरबाराने मग पुन्हा कोरायचे ठरवले. यी ग्यूबो या विद्वानाने लिहिलेल्या प्रार्थनापत्रातला युक्तिवाद असा, की पहिल्या वेळी त्रिपिटक कोरायला घेतले तेव्हा खितान परत फिरले, तर या वेळी मंगोलही फिरतील.

मंगोल फिरले नाहीत. एकट्या १२५४ साली त्यांनी दोन लाखांहून अधिक माणसे धरून नेली, अशी नोंद कोर्योच्या इतिहासात आहे. सत्ता होती ती चो घराण्यातल्या सेनापतींच्या हाती. ते बेटावर सुरक्षित आणि प्रजा मुख्य भूमीवर तलवारीखाली. अशा वेळी लाकडावर अक्षरे कोरीत बसणाऱ्यांना काय म्हणावे, हा प्रश्न त्या काळच्या एखाद्या शेतकऱ्याने विचारला असता तर त्याला उत्तर देणे अवघड होते. अखेर १२५९ मध्ये कोर्योने मंगोलांशी तह केला. म्हणजे ज्या हेतूने पाट्या कोरल्या तो साधला नाहीच.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. वारशाविषयी लिहिताना आपण फार लवकर हळवे होतो. पूर्वजांचे हेतू थोर होते, त्यांची दृष्टी दूरची होती, वगैरे. पूर्वजांचे हेतू पुष्कळदा आपल्यासारखेच, म्हणजे निम्मे भीतीचे आणि निम्मे मानाचे, होते. हेइन्साच्या पाट्यांचे मोल त्या हेतूत नाही. ते कामाच्या प्रतीत आहे, आणि नंतरच्या साडेसातशे वर्षांच्या राखणीत आहे.

कामाची प्रत पाहा. लाकूड भूर्जाचे आहे असा समज पिढ्यान्‌पिढ्या होता. सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर ते बहुतेक रानटी चेरीचे आणि काही रानटी नासपतीचे निघाले. परंपरा सांगते, की हे लाकूड आधी खाऱ्या पाण्यात मुरवले, मग मिठाच्या पाण्यात उकळून सावलीत वाळवले. पाटीच्या दोन्ही कडांना जाड लाकडी मुठी बसवून कोपऱ्यांना धातूच्या पट्ट्या मारल्या. मूठ पाटीपेक्षा जाड, त्यामुळे पाट्या शेजारी-शेजारी उभ्या केल्या तरी कोरलेली अक्षरे एकमेकांवर घासत नाहीत आणि मधून वारा खेळतो. ही युक्ती एखाद्या सुताराची असणार. त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही.

पण एक नाव ठाऊक आहे : सुगी. हा भिक्षू या सगळ्या प्रकल्पाचा संपादक. त्याच्यापुढे चीनमधली सोंग राजवटीची प्रत होती, खितानांची प्रत होती आणि कोरियाची जुनी प्रत होती. ही तिन्ही ताडून पाहत, कोठे ओळ गळली आहे, कोठे दोन ग्रंथांची सरमिसळ झाली आहे, कोठे एकाचे भाषांतर दुसऱ्याच्या नावावर चढले आहे, हे त्याने आपल्या सहकाऱ्यांसह ठरवले आणि त्या निर्णयांची कारणे तीस खंडांत नोंदवून ठेवली. तीही कोरली. शत्रू दाराशी असताना हा माणूस पाठभेद तपासत होता! विसाव्या शतकात, १९२४ ते १९३४ या काळात, जपानमध्ये ‘ताइशो’ नावाने चिनी त्रिपिटकाची जी प्रमाण आवृत्ती निघाली आणि जी आज जगभरचे अभ्यासक वापरतात, तिचा मुख्य आधार ही कोरियन प्रतच आहे, ती सुगीच्या काटेकोरपणामुळे.

पुण्याच्या माणसाला सुगी परका वाटायचे कारण नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पुरे झालेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम याच जातीचे. वि. स. सुखटणकर आणि त्यांच्यामागून आलेल्या संपादकांनी देशभरातल्या पोथ्या मागवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. तेव्हा आपल्याला हे जमत नाही, असे म्हणणे खोटे होईल. आपल्याला ते जमते. अडते ते पुढच्या कामात, म्हणजे राखण्यात.

आता त्या पाट्यांवर आपले असे काय काय आहे ते पाहू. अश्वघोषाचे ‘बुद्धचरित’ हे संस्कृतातले पहिल्या रांगेतले महाकाव्य. त्याचे सर्ग २८. संस्कृतात आज उरलेले आहेत ते जेमतेम निम्मे. उरलेले बुद्धचरित वाचायचे तर चिनी किंवा तिबेटी भाषांतराकडे जावे लागते, आणि ते चिनी भाषांतर येथे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मराठवाड्यात उभ्या केलेल्या महाविद्यालयाला ज्याचे नाव पुढे दिले गेले, त्या मिलिंद राजाच्या आणि भिक्षू नागसेनाच्या संवादाचा चिनी पाठ येथे आहे. ‘विमुत्तिमग्ग’ हा ग्रंथ बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्गा’च्या आधीचा. तो संपूर्ण स्वरूपात टिकला तो चिनी भाषांतरात. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवणाऱ्या पु. वि. बापटांनी पाली आणि चिनी या दोन्ही भाषांवरच्या प्रभुत्वाच्या बळावर या दोन ग्रंथांची तुलना करून १९३७ मध्ये पुण्यातून पुस्तक प्रसिद्ध केले, ते जगभर वाखाणले गेले. त्यांना ज्या चिनी पाठाची गरज पडली तोही या संग्रहात आहे. आपल्या घरातली वस्तू ओळखण्यासाठी बापटांना शेजाऱ्याची भाषा शिकावी लागली, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

आणि शेवटचे उदाहरण तर थेट तुमचे-आमचे. ह्युएनत्संगाचे प्रवासवर्णन या संग्रहात आहे. सातव्या शतकात, ६४१ च्या सुमारास, तो महाराष्ट्रात आला होता. येथली माणसे मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवतात, अडलेल्याच्या मदतीला स्वतःला विसरून धावतात, असे त्याने लिहून ठेवले. हर्षाला दाद न देणारा पुलकेशी त्यात आहे. राज्याच्या पूर्व सीमेवरच्या डोंगरात कोरलेल्या, दाराशी दगडी हत्ती असलेल्या विहाराचे वर्णन त्यात आहे, ते अजिंठ्याचे मानले जाते. शाळेच्या पुस्तकातून आपण हे सारे शिकलो आणि त्यावर छाती फुगवली. तो मजकूर कोरियातल्या एका डोंगरावर चेरीच्या लाकडावर उलट्या अक्षरांत कोरून जपला आहे, हे आपल्याला कोणी सांगितले नाही. अजिंठा मात्र आपण असा विसरलो, की १८१९ मध्ये शिकारीला गेलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्यामुळे जगाला त्याचा पुन्हा पत्ता लागला.

देवकीने जन्म दिला आणि यशोदेने वाढवले, ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. त्या गोष्टीत देवकीचा मान कोणी कमी करत नाही. पण लोणी कोणाच्या घरचे, उखळाला कोणी बांधले, रात्री जागले कोण, असे विचारले तर उत्तर यशोदा हेच येते. ‘आपल्याकडून गेले’ म्हणणारी माणसे देवकीचा मान मागतात आणि यशोदेचे नावही घेत नाहीत.

यशोदेने काय केले? १३९८ मध्ये या पाट्या हेइन्साला आल्या. त्यानंतर पाच शतके राज्य केले ते चोसॉन घराण्याने, आणि त्याचा राजधर्म कन्फ्यूशियसचा. मंदिरांच्या जमिनी काढून घेतल्या गेल्या, भिक्षूंना राजधानीत प्रवेश बंद झाला. म्हणजे राज्यकर्ते या धर्माच्या बाजूचे नव्हते. तरीही ग्रंथांच्या या घराची १४५७ मध्ये आणि पुन्हा १४८८ मध्ये राजाश्रयाने नव्याने बांधणी-दुरुस्ती झाली. जपानमधून या पाट्यांची मागणी वारंवार येत होती. छापील प्रती दिल्या गेल्या, पाट्या दिल्या गेल्या नाहीत. स्वतःला न पटणाऱ्या विचाराचे ग्रंथही राज्याची ठेव असतात, एवढी समज त्या दरबाराला होती. आजच्या लोकशाही सरकारांतही ती दरवेळी आढळते असे नाही.

इमारत तर चातुर्याचा नमुनाच. समोरच्या भिंतीत खालचे झरोके मोठे आणि वरचे लहान, मागच्या भिंतीत याच्या उलट. त्यामुळे दरीतून वर येणारा वारा आत शिरतो, मांडण्यांमधून फिरतो आणि दमट हवा घेऊन बाहेर पडतो. जमिनीखाली कोळसा, चुना, मीठ आणि माती यांचे थर आहेत, ते पावसाळ्यात ओल शोषतात आणि कोरड्या दिवसांत परत सोडतात. मंदिराच्या आवारात शतकानुशतकांत अनेकदा आगी लागल्या. १८१७ च्या आगीनंतर तर मुख्य मंदिर नव्याने बांधावे लागले. पण ग्रंथांचे घर वाचत राहिले.

१९७० च्या दशकात कोरियन सरकारला वाटले, की एवढा ठेवा जुन्या लाकडी कोठारात ठेवणे बरे नव्हे. मग हवामान नियंत्रित करणारी काँक्रीटची आधुनिक इमारत बांधली गेली. काही पाट्या चाचणीसाठी तेथे हलवल्या, तर त्यांना बुरशी धरू लागली. तेव्हा बेत रद्द झाला आणि पाट्या जुन्या जागी परतल्या. ही घटना मला साऱ्या हेइन्सात सर्वांत शिकण्यासारखी वाटते. खर्च झाला होता, इमारत उभी होती, तरीही ‘आता बांधलीच आहे तर वापरा’ असे कोणी म्हटले नाही. आपल्याकडे जुन्या लेण्यांच्या आणि मंदिरांच्या ‘विकासा’च्या नावाखाली जे सिमेंट, ज्या फरशा आणि जे रंग चढतात, त्यांतले किती परत उतरतात?

आणखी एक प्रसंग. १९५१, कोरियन युद्ध. गायासानच्या परिसरात कम्युनिस्ट गनिम दबा धरून होते आणि तेथे बाँबफेक करण्याचा हुकूम हवाई दलाच्या तुकडीला मिळाला. तुकडीचा प्रमुख किम यंग-ह्वान याने आपल्या वैमानिकांना हेइन्सावर बाँब टाकू दिले नाहीत. युद्धकाळात हुकूम मोडण्याची किंमत काय असते हे त्याला माहीत होते. १९५४ मध्ये तो विमान दुर्घटनेतच गेला. त्याचे स्मारक आज मंदिराच्या वाटेवर आहे. १२३६ मध्ये पाट्यांनी देशाला वाचवावे अशी अपेक्षा होती. सातशे वर्षांनी देशातल्या एका माणसाने पाट्यांना वाचवले.

‘कोरिया श्रीमंत आहे, त्यांना परवडते,’ असे यावर कोणी म्हणेल. आजचा कोरिया श्रीमंत आहे खरा. २०२३ च्या मे महिन्यात तेथल्या जोग्ये संघाच्या मंदिरांनी प्रवेशशुल्क घेणे थांबवले आणि तो भार सरकारने उचलला, हे श्रीमंतीनेच शक्य झाले. पण १९५१ चा कोरिया जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक होता, आणि १४८८ मध्ये तर सेमीकंडक्टरचे कारखाने नव्हते. जपणुकीला पैसा लागतो तो नंतर. आधी लागते ती नेमलेली माणसे, नेमलेले काम आणि रोज खिडकी उघडून आत डोकावण्याची सवय.

‘हे सगळे कुलूपबंद ठेवण्यात काय अर्थ?’ हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण हेइन्सात ग्रंथ मेलेला नाही. दरवर्षी एका सोहळ्यात भाविक, त्यांत बहुसंख्य बायका, ग्रंथ डोक्यावर घेऊन मंदिराच्या अंगणात आखलेल्या वळणावळणाच्या वाटेने फेरी घालतात. ज्याने गावच्या सप्ताहात ज्ञानेश्वरी डोक्यावर घेतलेल्या माउलींची ग्रंथदिंडी पाहिली आहे, त्याला यात काही वेगळे वाटणार नाही. दुसरीकडे, १९९३ मध्ये याच परंपरेतल्या एका भिक्षूच्या पुढाकाराने संस्था स्थापन होऊन सगळा मजकूर संगणकावर घेण्याचे काम सुरू झाले आणि २००० साली ते पूर्णही झाले. पाटी कुलपात, मजकूर सगळ्यांसाठी खुला आणि ग्रंथ लोकांच्या डोक्यावर. याहून चांगली व्यवस्था मला सुचत नाही.

आपल्याकडे काय झाले, हे सांगायला इतिहासाचार्य राजवाडे पुरेत. जुने कागद वाण्याच्या पुड्यांना जाऊ नयेत म्हणून हा माणूस गावोगाव पायपीट करत राहिला आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने छापत राहिला. त्यांचे आपण पुतळे उभारले, पायपीट उचलली नाही. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला आणि पोथ्या, पुस्तके, कपाटे यांची नासधूस झाली, तीही अस्मितेच्या नावाने. हुकूम असूनही ज्याने बाँब टाकला नाही तो एक माणूस, आणि हुकूम नसताना ज्याने कपाटे फोडली तो एक जमाव. या दोघांमधले अंतर पैशाने मोजता येत नाही.

आणि आता तर ‘आपल्याकडून गेले’ हे वाक्य महाराष्ट्राला अर्धवटही शोभत नाही. १९५६ मध्ये नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून या राज्यातल्या लाखो घरांत बुद्ध हा ‘आपण जगाला दिलेला’ ऐतिहासिक महापुरुष राहिलेला नाही, तो रोजच्या वंदनेतला आहे. ज्या भूमीत धर्म परत आला, त्या भूमीत त्याचे ग्रंथ परत यायला नकोत काय? पाट्या येणार नाहीत आणि येऊही नयेत. पण त्यांवरचा मजकूर आज कोणीही वाचू शकतो. अडचण एवढीच, की तो वाचणारी माणसे आपण तयार करत नाही. चिनी आणि तिबेटी भाषांतून हरवलेले संस्कृत ग्रंथ शोधणारी बापटांची आणि वा. वि. गोखल्यांची परंपरा याच पुण्यात होती. आज एखादा मराठी मुलगा जुनी चिनी भाषा शिकतो म्हणाला, तर घरचे त्याला आधी नोकरीचे विचारतात. त्यांचे चूक नाही. त्या प्रश्नाला उत्तर देता येईल अशा चार जागा विद्यापीठांत निर्माण करणे हे सरकारचे काम आहे, आणि त्याचा खर्च एखाद्या पुतळ्याच्या चौथऱ्याएवढाही येणार नाही.

बाकीचे काम तर त्याहूनही स्वस्त आहे. प्रत्येक तालुक्यात कोठल्या ना कोठल्या देवळाच्या माळ्यावर, मठात, वाड्याच्या फडताळात बाडे आणि पोथ्या पडून आहेत. त्यांना एक कोरडी, वारा खेळती खोली हवी, एक यादी हवी आणि ती यादी दरवर्षी ताडून पाहणारा एक माणूस हवा. हेइन्साला परदेशी प्रवाशांनी जरूर जावे, लाल पानांखालचा ओढा पाहावा, झरोक्याला नाक लावून त्या लाकडाचा वास घ्यावा. पण परत आल्यावर आपल्या गावच्या देवळातल्या पुजाऱ्याला किंवा वाड्याच्या मालकाला एकदा विचारावे, की वरच्या माळ्यावरचे ते लाल कापडातले गाठोडे शेवटचे कधी उघडले होते.